निरगाठीच्या सहा बाटल्या

प्रवासाला निघताना माझ्या सामानात कपडे कमी आणि बाटल्या जास्त होत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक म्हणून काढल्यावर हिला बाटलीशिवाय कुठे जाताच येत नाही, असं माझा नवरा म्हणतो. म्हणतो चेष्टेनं, पण मला सोडायला आला तेव्हा नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षा बदलताना पेटी त्यानेच छातीशी धरली होती आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्या टेम्पोवाल्याला "काच आहे रे बाबा, काच!" म्हणून ओरडतही तोच होता.

निमित्त होतं कमळचं. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर ती आशा सेविका आहे. मागे पेठला आशांच्या प्रशिक्षणात मी पाणी कसं तपासायचं ते करून दाखवलं होतं, तेव्हा तिने माझा नंबर लिहून घेतला होता. एप्रिलच्या सुरुवातीला तिचा फोन आला.

"ताई, आमचा झिरा, प्यायचं पाणी जिथून भरतो तो, तपासून द्याल का? आमच्या इथं एक आजी आहे, जिवली आजी. गेल्या श्रावणात तिची नात गेली. जुलाब, उलट्या. चार वर्षांची होती. ओहोळाला पूर होता, पेठला नेताच आली नाही. पोरगी आजीच्याच हातचं पाणी प्यायची. आता आजी येता-जाता एकच विचारते, माझ्या पाण्यानं गेली का?"

मी चार दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. चार दिवस पुरतील असा माझा हिशेब होता.

सावळघाट, सोमवार

नाशिकरोडला राहणाऱ्या माणसाला उन्हाळा म्हणजे तापलेलं डांबर एवढंच माहीत असतं. घाट सुरू झाला तशी हवा बदलली. साग पार उघडाबोडका, खाली त्याच्या पानांचा जाड थर, आणि मध्येच एखादा कुसुंब लालभडक कोवळ्या पालवीनं भरलेला. मोहाची फुलं पडण्याचे दिवस होते. बायका झाडाखाली बसून टोपल्या भरत होत्या आणि जीपच्या खिडकीतून तो गोड, जरासा आंबूस वास आत येत होता. मला तो आवडला, जीपमध्ये शेजारी बसलेल्या एका गुरुजींना अजिबात नाही. त्यांनी रुमाल नाकाला लावला तो पेठ येईपर्यंत काढला नाही.

पेठला कमळ उभीच होती. तिशीची, सडपातळ, निळी कडा असलेली साडी, खांद्याला औषधांची पिशवी. पुढे दुसरी जीप आणि शेवटी अर्धा तास पायवाट. पायवाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. कमळने काट्याची पिन करून तो असा बसवला की घरी येईपर्यंत टिकला.

पाडा, त्याच दुपारी

पंचवीसेक घरं. कुडाच्या भिंती, वर कौलं, काहींवर पत्रे. जिवली आजीचं घर सगळ्यात वरच्या अंगाला, झिऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर. अंगण शेणानं इतकं सुबक सारवलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. आजी सत्तरीची असेल. काळीसावळी, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कोनाची गं तू? आडनाव काय?"

मी सांगितलं.

"बस," ती म्हणाली. मी ओट्यावर बसले. उन्हातून चालून घसा कोरडा पडला होता. आतल्या कोनाड्यात पाण्याचा हंडा, त्यावर तांब्या उपडा, सगळं दिसत होतं. आजी हंड्यापर्यंत गेली, थांबली आणि मागे सरकली. मग अंगणाकडे तोंड करून म्हणाली, "कमळे, हिला पानी दे."

कमळ बाहेर कुणाशी तरी बोलत होती. मी पिशवीतून माझी स्वतःची बाटली काढली आणि घटाघट प्याले.

इथे थोडं घरचं सांगायला हवं. माझ्या आजोबांना त्यांच्या गावात पाणी वरून ओतून मिळायचं. त्यांनी खाली ओंजळ धरायची आणि भांड्याला अंग लागू द्यायचं नाही. माझे वडील पुढे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामगार झाले. संध्याकाळी अंगावर राख घेऊन घरी यायचे, आंघोळ करायचे आणि आम्हा भावंडांना रोज नाही तर दिवसाआड बजावायचे, "कुणाच्याही दारात ओंजळीनं पाणी प्यायचं नाही. पेला मागायचा. पेला मिळत नसेल तर तहान सोसायची." आमच्या कॉलनीत देवधर्माच्या फार बाबी नव्हत्या, पण हा नियम पाळला गेला. आडनाव ऐकून मागे सरकलेली पावलं मी लहानपणापासून ओळखते. आदिवासी पाड्यावर ती दिसतील असं मात्र वाटलं नव्हतं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. दोन्ही गिळून मी कामाला लागले.

माझ्याकडे नमुन्याच्या बारा बाटल्या होत्या. निर्जंतुक केलेल्या, एकेक तपकिरी कागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. सहा कुलूपबंद पेटीत आणि दुसऱ्या दिवशी लागणार म्हणून सहा कापडी पिशवीत. पिशवी ओट्यावर ठेवून मी कमळबरोबर शाळेचा हातपंप बघायला गेले. पंप दोन हंडे पाणी देऊन खोकायला लागला.

रात्रीचं जेवण नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाचं भुजं. आमच्याकडे उडदाची डाळ म्हणजे पापड नाही तर इडली. इथे तेच उडीद भाजून, भरडून, लसूण-मिरचीत असे शिजवतात की भाकरी आपोआप सरते. आजीने तीनदा वाढलं, मायेनं वाढलं. पाणी मात्र कमळने दिलं. मी मनात नोंद केली.

झिरा, मंगळवार

पहाटेच निघालो. कातळाच्या पायथ्याशी हातभर रुंद खळगा, त्यात वरच्या फटीतून पाझरणारं पाणी. काठाला शेंदूर लावलेला एक दगड. चपला खूप अलीकडेच काढायच्या. आजीने खळग्यावर पडलेली पानं दोन बोटांनी उचलली, जवळच्या दगडांवरून हात फिरवला आणि बाजूला उभी राहिली. सासू वारल्यापासून झिरा तीच साफ करते. गाळ काढते, गुरं शिरू नयेत म्हणून भोवती काट्यांची वई घालते. तिला कुणी नेमलेलं नाही. एवढं नितळ पाणी मी आमच्या नळालाही पाहिलेलं नाही. पण नितळ म्हणजे शुद्ध नव्हे, हेच तर मी एकतीस वर्षं पोरांना सांगत आले.

बाटलीचा दोरा सुटेना. आमच्या प्रयोगशाळेतला शिपाई सुरगाठ मारतो, एका ओढीत सुटते. ही दातानं सोडावी लागली. प्रवासात आवळली असेल असं म्हणून मी पुढे गेले. दोन बाटल्या झिऱ्याच्या, दोन खालच्या ओहोळाच्या, जिथे गुरं बसतात तिथल्या, आणि दोन हातपंपाच्या.

खरी पद्धत अशी की एका बाटलीत उकळून गार केलेलं पाणी भरून तीही सोबत तपासायची. त्याला आम्ही कोरा नमुना म्हणतो. आपली बाटलीच खराब नाही ना, हे त्यातून कळतं. कोरा नमुना विसरणाऱ्या मुलांना मी भर वर्गात उभं केलेलं आहे. त्या दिवशी मात्र सहा बाटल्या, तीन जागा, दोन-दोन बरोबर बसतात म्हणून मी तो गाळला.

आजीच्या घरी येऊन नमुन्यातलं पाणी औषधाची पट्टी असलेल्या लहान शिश्यांत ओतलं. शिशी उबेला ठेवायची. दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू आहेत, ते पिऊ नये. पिवळंच राहिलं तर ठीक. आजीने नागलीच्या दाण्यांनी भरलेली टोपली पुढे केली आणि शिश्या दाण्यांत उभ्या खुपसल्या, कलंडू नयेत म्हणून.

"काळा झाला म्हंजे माझ्या पान्यानं गेली ती?" तिने विचारलं.

"आधी होऊ तर दे," मी म्हणाले. जरा तुटकच म्हणाले.

टोपली, बुधवार

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सहाच्या सहा शिश्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या.

पाडा गोळा झाला. मी सांगितलं की झिऱ्याचं पाणी पिण्यालायक नाही, पंपाचंही नाही, सगळ्यांनी उकळून प्यावं. मग माझ्याकडचा लाल रंगाचा लहान डबा घेऊन झिऱ्यावर गेले आणि कातळावर फुली मारली. नियमच आहे तसा, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. फुली मारताना माझ्या मनात सोमवारचं ते मागे सरकणं होतं. तुमचंच पाणी बाटलेलं निघालं, असं काहीतरी अर्धवट मनात येऊन गेलं. हे लिहायला लाज वाटते, पण आलं होतं खरं.

आजी घरी आली, कोनाड्यातला हंडा उचलला आणि सगळं पाणी अंगणाच्या कडेला ओतून दिलं. हंडा पालथा घातला. मग भिंतीला टेकून बसली ती बसलीच. कमळने हाक मारली, शेजारणीने मारली, ती हलली नाही.

"सूनही हेच म्हणून गेली होती," कमळ मला बाजूला घेऊन म्हणाली. "तुमच्या पाण्यानं माझी पोर गेली, असं. माहेरी गेली ती आलीच नाही. आजीचा पोरगाही तिकडेच. त्या दिवसापासून आजी कुणाला स्वतःच्या हातानं पाणी देत नाही. हंडा भरून आणते, पण ओतून देत नाही. तुम्हालाही दिलं नसेल. वाईट वाटून घेऊ नका."

मी तिथेच ओट्यावर बसले. तीन दिवस मी जिने केलेला अपमान मनात घोळवत होते, ती बाई मला माझ्या जातीपासून नाही, स्वतःच्या हातापासून वाचवत होती.

ओटा, गुरुवार

सकाळी मी परत निघणार होते. सामान बांधताना सहा काळ्या शिश्या एका रांगेत ठेवल्या आणि पहिल्यांदा नीट पाहिल्या. सगळ्या सारख्याच काळ्या. गुरांच्या डबक्याचं पाणी आणि कातळातून पाझरणारं पाणी, दोन्ही एकाच वेळी, एकाच रंगाचं कसं होईल? असं मी आजवर पाहिलेलं नाही. आणि कोरा नमुना? तो मी घेतलाच नव्हता.

कोरा नमुना निदान आता करावा म्हणून मी पेटीचं कुलूप काढलं. आतल्या सहा बाटल्यांवर सुरगाठी होत्या. परवाच्या बाटल्यांवरचे कागद मी जपून ठेवले होते, त्यांच्या दोऱ्याला अजून निरगाठीचे पीळ होते.

"आजी," मी विचारलं, "माझ्या पिशवीतल्या बाटल्या कुणी सोडल्या होत्या का?"

"मी सोडल्या," ती भिंतीपाशीच बसून म्हणाली. "तू शाळंवर गेलीस तवा. धुतल्या. राखंनं घासल्या, अंगनात पालथ्या घातल्या, वाळल्या तशा परत गुंडाळून बांधल्या. कागद नाय फाडला."

राख, हात, हंड्याचं पाणी आणि वर शेणानं सारवलेलं अंगण. मी तोंड उघडलं होतं. प्रयोगशाळेत असते तर आवाज चढला असता.

"कशाला गं धुतल्यास?" एवढंच बाहेर पडलं.

तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "पावनीचा भांडा तसाच ठेवायचा? लांबून आला, गाडीचा धुरळा खाल्ला. आन त्यात देवाचा पानी भरायचा होता ना? झिऱ्यात धुतल्याबिगर भांडा घालत नाय आमी कोनी."

खरंच होतं. मंगळवारी त्या पाड्यातली प्रत्येक बाई हंडा आधी घरी घासून, मगच झिऱ्याला लावताना मी डोळ्यांनी पाहिली होती. जंतू दिसत नाहीत आणि कागदातली निर्जंतुक बाटली धुतलेल्या बाटलीहून स्वच्छ असते, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. तिने तिच्या घरची सगळ्यात चांगली रीत माझ्या बाटल्यांना लावली होती. चूक माझी होती, आणि एकच नव्हे. गाठ दातानं सोडतानाच थांबायला हवं होतं.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. "आजी, बाटल्या खराब झाल्या होत्या. पाण्याचं काहीच कळलेलं नाही. मी घाई केली. मी न तपासता बोलले."

"माझ्या धुन्यानं खराब झाल्या?"

"मी सांगितलं असतं तर तू धुतल्या नसत्यास. माझ्या न सांगण्यानं झाल्या."

ती भिंतीपासून जरा पुढे सरकली. "मंग पानी?"

"परत बघू. अजून दोन दिवस लागतील."

कॉलेजला फोन लावायला टेकडीवर चढून रेंज शोधावी लागली. रजा वाढवली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाटल्या फुटल्या ना?" मी म्हणाले, "नाही, मी फुटले."

त्याच सकाळी पेटीतल्या बाटल्या घेऊन आम्ही पुन्हा सगळीकडे गेलो. दोन झिऱ्याच्या, दोन पंपाच्या, एक ओहोळाची, आणि सहावी कोरी. या खेपेला प्रत्येक गोष्ट आजीला दाखवत गेले. कागद केव्हा काढायचा, झाकणाच्या आत बोट का लावायचं नाही. तिने एकच विचारलं, "दिसत नाय त्यो किडा देवालाबी दिसत नाय?" मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. पेटीतल्या उरलेल्या न वापरलेल्या शिश्यांत पाणी ओतून त्या पुन्हा नागलीत उभ्या केल्या.

शुक्रवार

शुक्रवारी करण्यासारखं काही नव्हतं. आजी टोपलीजवळ बसून राहिली. कोंबडी जवळ आली की हाकलायची. दुपारी तिने आपणहून नातीचं सांगितलं. नाव सुमी. मोहाची फुलं वेचायला हिच्यामागे यायची आणि टोपलीपेक्षा तोंडात जास्त टाकायची. तांब्याला तोंड लावू दिलं नाही की रुसायची, आजीनेच ओंजळीत ओतून दिलेलं पाणी प्यायची. शेवटच्या दिवशीही तसंच मागत होती.

"म्यां दिला," आजी म्हणाली. "मागंल तेवढा दिला."

मी तिचा हात धरला. रडलो आम्ही दोघी, ते झाकून ठेवण्यासारखं नाही.

झिरा, शनिवार

शनिवारी सकाळी टोपली उजेडात आणली. ओहोळाची शिशी काळी. कोरी पिवळी. पंपाच्या पिवळ्या. झिऱ्याच्या दोन्ही पिवळ्या, गुरुवारी ओतल्या तशाच.

कमळने टाळी वाजवली. आजीने मात्र शिश्यांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे माझ्या पान्यानं नाय गेली?"

हो म्हणणं फार सोपं होतं. सगळे ऐकायला उभे होते आणि मला ते म्हणायचंही होतं. पण बुधवारी एकदा मी माहीत नसताना बोलले होते.

"आजी, आजचं पाणी आजचंच सांगतं. आज झिरा चांगला आहे. श्रावणात कसा होता ते मला कळणार नाही. कुणालाच कळणार नाही आता. पावसात वरच्या उतारावरून लोंढा येऊन झिऱ्यात मिसळत असेल, तर तेव्हाचं पाणी वेगळं. वरच्या बाजूनं दगडांचा बांध घाला, आणि पावसाचे चार महिने पाणी उकळून प्या. पण एक सांगते. तुझ्या हातात काही नव्हतं. झिऱ्याची जेवढी निगा राखता येते तेवढी तू राखलीस."

ती उठली, पालथा हंडा उचलला, राखेनं घासला, धुतला आणि वाटेला लागली. मी पत्र्याचा एक तुकडा आणि एक दगड घेऊन मागे गेले. कातळावरची फुली खरवडायला बराच वेळ लागला. लाल रंग भेगांत गेला होता, तो पुरता निघाला नाही. एक फिकट तिरकी रेघ राहिली, ती आजही तिथे असेल.

मी घाम पुसत उभी राहिले तेव्हा आजीचा हंडा भरला होता. तिच्या हातात तांब्या होता, काठोकाठ भरलेला.

"कळनारच नाय म्हनतेस," ती म्हणाली.

"नाही कळणार, आजी."

"मंग आता पाजू का कोनाला?"

पाणी तांब्याच्या काठावरून सांडत होतं. पिशवीत माझा स्टीलचा पेला होता, वडिलांच्या वेळेपासून प्रवासात नेते तो. तो काढायला मला क्षणही लागला नसता. मी दोन्ही हात जोडून ओंजळ तिच्यापुढे धरली.

तिने पाणी ओतलं, बारीक धारेनं, ओंजळ भरेपर्यंत. मी प्याले. पाणी थंड होतं आणि त्याला कातळाची किंचित चव होती. ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती.

मी दुसऱ्यांदा ओंजळ पुढे केली.